चाळीस बाटल्यांचा उपास

लातूर,
रविवार, ६ फेब्रुवारी २०००

इस्लापूरच्या नाल्याकाठी उभ्या असलेल्या बारा शिंदींचे मालक आणि माझे लंगोटीयार श्री. रामकिशन यांस लातूरहून पाशामियाँचा सलाम आणि नमस्कार (दोन्ही पाठवतो आहे, जो आधी पोचेल तो घे). मी इथे खुशाल आहे. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? नसेल तर अडुळशाचा काढा दे, आणि देताना अर्धा तू पिऊ नकोस. मागच्या वेळी बाटली तूच संपवलीस हे मला त्यांनीच सांगितलं. संक्रांतीला पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा पोचला. लाडू चार दिवसांत संपले. डबा घासून, उन्हात वाळवून ठेवला आहे आणि तो इतका लख्ख झाला आहे की परत आल्यावर तुला तो आपला वाटणार नाही. त्या लाडवांचे आभार मानायला हे पत्र लिहितो आहे. दुसरं काही काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा घासण्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. अब्बा तुमच्या बाजारात कल्हई करायचे, शाळा सुटली की मी भात्यावर बसायचो आणि तू उगाच समोर बसून माझे चणे खायचास. पुढे नांदेडच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर म्हणून मी बत्तीस वर्षं नळ्या, चंबू आणि बाटल्या धुतल्या. एकाही प्रोफेसरला त्यात डाग दाखवता आला नाही. रिटायर झालो तेव्हा आमचा हारिस म्हणाला, अब्बा, आता आराम करा. आठ दिवस केला. नवव्या दिवशी तुझ्या भाभीने, म्हणजे बिलकीसने, माझ्यापुढे हात जोडले, कारण घरातली एकच कढई मी दिवसातून तीनदा घासत होतो. त्याच आठवड्यात तनुजा मॅडम घरी आल्या. ह्या आमच्या कॉलेजात तासांवर शिकवायच्या. कायम नोकरी काही मिळेना, म्हणून लातूरला येऊन क्लासमध्ये बायोलॉजी शिकवू लागल्या आणि जोडीला आपली पीएचडी पुढे रेटू लागल्या. म्हणाल्या, पाशाभाई, मला भरवशाचा माणूस पाहिजे, चला. रामकिशन, साठी झालेल्या माणसाला कुणी असं घरी येऊन बोलवत नाही. मी त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

लातूर आता तुला ओळखू येणार नाही. गल्लीत एक क्लास नाही असं होत नाही, एका क्लासमागे दुसरा असतो. भिंतीभिंतीवर मेरिटमध्ये आलेल्या पोरांचे फोटो लावलेले आहेत, आणि सगळी पोरं दमलेली दिसतात. बारावी कमी पडली म्हणून आता सीईटी नावाची आणखी एक परीक्षा निघाली आहे. गावोगावचे बाप पोराला घेऊन येतात, आणि भूकंपापासून त्यांचा पहिला प्रश्न निकालाचा नसतो. वर स्लॅब आहे का पत्रा, हे आधी विचारतात. पत्रा म्हटलं की पोराची पिशवी खाली ठेवतात. आमच्या मॅडमच्या क्लासला पत्रा आहे, म्हणून दोनशे पोरं आहेत (मॅडम चांगलं शिकवतात हेही कारण आहे, पण ते दुसरं). मागे आणखी एक पत्र्याची खोली आहे, ती आमची प्रयोगशाळा. तिचा कारभार माझ्याकडे आहे.

संशोधन कशावर, हे तुला सांगायला नको, जंतू तुझ्याच झाडाचा आहे. शिंदीचं पाणी सकाळी गोड असतं आणि दुपारी डोक्यात जातं, ती ह्याची करामत. नाव झायमोमोनस. मॅडमनी मला समजावलं ते असं. हा जंतू साखर खातो, आणि खातो म्हणजे बघत राहावं असा खातो. पण जेवढ्या साखरेतून पाव फुगवणाऱ्या यीस्टला दोन घास ताकद मिळते, तेवढ्यातून ह्याला एकच मिळते. मग तो आणखी खातो. वाढायचं नसलं तरी खातो, दारू करून बाहेर टाकतो आणि नुसता गरम होऊन बसतो. (शाळेत तू तुझ्या सहा भाकरी, वर माझ्या दोन खायचास आणि खो-खोत पहिल्या फेरीला बाद व्हायचास. मला हे शास्त्र लगेच कळलं.) दुसरं असं, की ह्याला श्वास घ्यायचं सगळं सामान देवाने दिलं आहे, पण हवा ह्याला मानवत नाही. हवा लागली की त्याच्या पोटात असिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं आणि तो झुरायला लागतो. बंद बाटलीत मात्र सुखी असतो. मॅडमचा सवाल असा, की एवढा खादाड जीव अजिबात उपाशी ठेवला तर किती दिवस तग धरतो आणि कशाच्या जोरावर. पाच वक्ताचा नमाजी माणूस मी, दारू करणारे जंतू पाळतो, हे मला सुरुवातीला बोचत होतं. मौलवीसाहेबांना जाऊन विचारलं. पितोस का? नाही. विकतोस का? नाही. मग करतोस काय? बाटल्या धुतो. ते म्हणाले, मग चांगल्या धू.

तू मात्र चार वर्षांपूर्वीचं ते मडक्याचं प्रकरण अजून चारचौघांत सांगतोस, असं माझ्या कानावर आलं आहे. सांगतोस तर नीट सांग. मॅडमना घेऊन मी तुझ्या शेतात आलो होतो. तुझ्या झाडांची शिंदी उतरवणारा तो तेलुगू माणूस आणि त्याची बायको लक्ष्मम्मा यांनी आम्हाला इतक्या अगत्याने सगळं दाखवलं, की काहीतरी परतफेड करावी असं माझ्या मनाने घेतलं. झाडाला बांधायचं त्यांचं मडकं पाहिलं. आतून काळं, चिकट, पंधरा वर्षांत पाण्याचा हात न लागलेलं. कल्हईवाल्याच्या मुलाला ते बघवेना. नाल्यावर नेलं, चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन तासभर घासलं आणि मोठ्या अभिमानाने परत टांगायला दिलं. तीन दिवस पाणी गोडच राहिलं. फेस नाही, वास नाही, गिऱ्हाईक नाही. मडकं धुवायचं नाही, एवढा एकच नियम त्या घराने तीन पिढ्या पाळला होता, कारण तो जंतू मडक्याच्या अंगात मुरलेला असतो आणि रोजच्या नव्या पाण्याला तिथूनच लागतो. लक्ष्मम्माने मला तेलुगूत जे ऐकवलं त्यातलं फक्त माझ्या दाढीबद्दलचं मला कळलं. मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, पाशाभाई, तुम्ही न ठरवता फार चांगला प्रयोग केलात. शेवटी तू मध्ये पडलास, तिची समजूत काढलीस आणि दुसऱ्या मडक्यातून आम्हाला बाटली भरून दिलीस, हे मी विसरलेलो नाही. (त्या बाटलीचं बूच भोकरच्या स्टँडवर एसटीत उडालं, मी टोपीपासून पायजम्यापर्यंत शिंदीत न्हालो आणि कंडक्टरने, 'काय चाचा, सकाळी सकाळी?' असं विचारलं, हेही विसरलेलो नाही. पण तळाला बोटभर उरली होती. आमच्याकडचा सगळा वंश त्या बोटभरातून वाढला.)

आता विठाबाईंबद्दल लिहितो. आमच्या शेजारच्या पत्र्याखाली त्यांची खाणावळ आहे, क्लासची निम्मी पोरं तिथेच जेवतात आणि मीही. त्या औसा तालुक्यातल्या एका खेड्याच्या. भूकंपात घर बसलं, पहाटे दगडमातीखाली गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांनी बाहेर काढल्या. घरातली बाकीची तिघं त्यानंतर निघाली, पण जिवंत नाही. त्या यावर बोलत नाहीत, मी विचारत नाही. तेव्हापासून त्यांचे दोन कायदे आहेत. कुठलंही दार कडी घालून लावायचं नाही, आणि कुणी उपाशी राहायचं नाही. परीक्षेच्या धास्तीने एखाद्या पोराने ताट अर्धं टाकलं तर त्या ते ताट घेऊन क्लासच्या दारात जातात. मॅडम फळ्यावर पेशी काढत असतात आणि ह्या मागून विचारतात, "त्या चष्म्यावाल्यानं वरण का ठिवलं वो बाई?" रमजानचा सगळा महिना माझ्या पहाटेच्या सहेरीला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी एक दिवस चुकवली नाही. बिलकीस नांदेडला, मी इथे एकटा. पण मला एकटं वाटलं नाही. अल्लाह त्यांना सुखात ठेवो.

ईद झाली आणि दहा जानेवारीला आम्ही चाळीस बाटल्या भरल्या. आत जंतू आणि खारं पाणी, साखर नाही, हवा नाही, झाकणं पक्की आणि त्यांवर एक ते चाळीस आकडे. रोज एक बाटली उघडायची, थेंब काढायचा आणि आत किती जगलेत ते मोजायचं. मॅडमच्या नोंदणीची मुदत ३० एप्रिलला संपते. तोवर प्रबंध गेला नाही तर सहा वर्षांचं काम पाण्यात, कारण त्यांचे मार्गदर्शक सर आणखी मुदत मिळणार नाही असं तोंडावर सांगून बसले आहेत. पहिल्याच आठवड्यात विठाबाई चहा घेऊन मागच्या खोलीत आल्या. बाटल्यांकडे बघून म्हणाल्या, "ह्येच्यात काय हाय?" मी म्हटलं, जीव आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. "जित्ते हायत?" हो. "मंग खायाला काय घालताव त्येंला?" मी खरं ते सांगून टाकलं, की काहीच नाही, उपाशी ठेवून किती दिवस टिकतात ते बघतो आहोत. विठाबाईंनी चहा माझ्या हातात दिला नाही, परत घेऊन गेल्या. त्यानंतर भाकरी येत राहिली, चटणी बंद झाली. रोज दुपारी त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, बाटल्यांकडे बघायच्या आणि माझ्याकडे न बघता निघून जायच्या.

बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी, मंगळवारी, मॅडम दुपारचा क्लास सोडून मागे आल्या तर उरलेल्या अठराही बाटल्या उघड्या, आणि प्रत्येकीत चमचाभर गुळाचं पाणी. फ्रीजमधली मूळ बाटलीसुद्धा, जिच्यातून सगळा वंश पुढे चालतो. (गुळात नाना तऱ्हेचे दुसरे जंतू असतात. ते आत शिरले की घरचा कोण आणि पाहुणा कोण हे सांगता येत नाही. तसलीच आणखी एक बाटली विद्यापीठात ठेवली होती, ती गेल्या उन्हाळ्यात लाइट जाऊन जाऊन मेली.) मॅडम स्टुलावर बसल्या. तेवढ्यात विठाबाई पुढे झाल्या. "म्या केलं, बाई. मला ऱ्हावलं न्हाई. वारा न्हाई, खायाला न्हाई, आंधारात कोंडून ठिवायचं आन् कवा मरतेत ते बघायचं? आसं करताव व्हय?" मॅडम उठल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाच वाजताच्या बॅचला प्रकाशसंश्लेषण शिकवायला निघून गेल्या. मी फडकं घेऊन उभा होतो.

तर असं आहे. तरीसुद्धा मी समाधानी आहे असं तुला लिहिलं तर तुला नवल वाटेल, पण खरंच आहे. ह्या वयात मला कामाला बोलावणारी एक बाई भेटली, जेवू घालणारी दुसरी भेटली, घरी बिलकीस माझी वाट बघते, आणि पन्नास वर्षं माझे चणे खाल्लेला तू अजून डबा पाठवतोस. माणसाला आणखी काय लागतं? घरात थोरांना सलाम, लहानांना दुवा, म्हैस व्याली असेल तर खरवसाची आठवण ठेव.

तुझा,
पाशामियाँ

ता. क. लाडवांचे आभार वर मानले, आता काम. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर तुझ्याच झाडाची शिंदी पाहिजे, आणि येत्या शुक्रवारपर्यंत पाहिजे. त्यातून जंतू वेगळा करायला पंधरा दिवस, पुढे चाळीस दिवसांचा उपास, मग लिहिणं. बोटांवर मोजून बघ, ३० एप्रिल कसाबसा गाठता येतो. ऊन वाढलं की तुझी झाडं आटतील, मग पुढच्या थंडीपर्यंत काही नाही. लक्ष्मम्माच्या जुन्या मडक्यातलीच घे. पाशामियाँ मडक्याच्या आसपाससुद्धा येणार नाही, असं तिला आधी सांग, म्हणजे ती देईल. बूच ढिलं ठेव. आणि कुणाबरोबर पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. तू स्वतः ये म्हटलं त्याचं कारण शिंदी नाही. विठाबाईंच्या उजव्या हाताची बोटं भूकंपापासून मिटत नाहीत. भाकरी त्या तळव्याने थापतात. आमच्या बाटल्यांची झाकणं माझ्यासारख्यालाही फडकं गुंडाळल्याशिवाय निघत नाहीत. मंगळवारी सकाळी त्या गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाशाभाई, तुमी बी महिनाभर उपास केलाव. पर तुमाला रोज सांज व्हती. ह्येंला सांजच न्हाई." रामकिशन, हवा लागली की विष होतं हे मला माहीत होतं, गुळात काय असतं ते माहीत होतं, ३० एप्रिल माहीत होता. आणि मी अठराच्या अठरा झाकणं उघडून दिली. फ्रीजमधली बाटली त्यांना ठाऊकही नव्हती. ती मी काढून आणली, म्हटलं इतक्यांना मिळालं तर हिनेच काय पाप केलं. नंतर त्या पुढे होऊन "म्या केलं" म्हणाल्या, म्हणताना माझ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि मी गप्प बसलो. माझी नोकरी वाचावी म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. पाच दिवस झाले, घास गिळवत नाही. मॅडमना मला हाकलून द्यायचा पूर्ण हक्क आहे. पण तू शेजारी उभा असलास तर मला सांगता येईल, एकट्याने तोंड उघडत नाही.

तिसरा ता. क., सोमवार. फाडलेलं पाकीट चिकटवायला डिंक पाहिजे म्हणून सकाळी प्रयोगशाळेत गेलो तर मॅडम तिथेच होत्या. तुझी वाट बघवली नाही, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाशाभाई, अठरा झाकणं टेबलावर स्वच्छ फडक्यावर पालथी मांडली होती, तेवीस ते चाळीस, नंबरवार. विठाबाईंना आकडा वाचता येत नाही." मग म्हणाल्या, "सहा दिवस लावलेत तुम्ही." मी रडलो, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. त्यांनी मला काढलं नाही. विठाबाईंना बोलावून घेतलं आणि बाविसाव्या बाटलीची काचेची बशी त्यांच्यापुढे ठेवली. सांगितलं, की रोज बाटली उघडली की थेंब ह्या बशीत टाकतो, बशीत साखर असते. जो जिवंत असेल तो खातो, वाढतो, आणि त्याचा एक पांढरा ठिपका दिसतो. जेवढे ठिपके, तेवढे जगलेले. विठाबाई बशीवर वाकल्या. "म्हंजी रोज थोडे थोडे भायेर काढताव व्हय?" मॅडम हो म्हणाल्या. "मंग आदी का न्हाई सांगितलं वो बाई?" आणि त्या बशी घेऊन खाली बसल्या, काचेवरून तळवा सरकवत एकेक ठिपका दाखवू लागल्या. "ह्यो निगाला. ह्यो बी निगाला. ह्यो बी." त्यांना विसापर्यंत मोजता येतं, वीस झाले की पुन्हा एकपासून. बशीत दोनशेच्या वर ठिपके होते. मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या, बॅचची वेळ झाली तरी उठल्या नाहीत, आणि मीही उठलो नाही. आज खाणावळीतलं वरण करपलं. पोरांनी मुकाट्याने खाल्लं.